कॉपीराइटच्या कामी मोफत विधी सेवा मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रमुख जिल्हा न्यायाधीश तथा अध्यक्ष,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सांगली

विषय : लेखक व लोककलावंतांचे करार, परवाने आणि स्वामित्वहक्काचे तंटे यांत साहाय्य मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही सांगली जिल्ह्यातील नाटककार, गीतकार, शाहीर आणि तमाशा कलावंत आहोत. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सांगलीतच रंगभूमीवर आणले. पण त्याच गावात आज नाटकाच्या प्रयोगाचा करार वाचून समजावणारा वकील सहज सापडत नाही.

आमच्यातील एका गीतकाराने २०१५ साली एका ध्वनिमुद्रण कंपनीला आठ गाणी दिली. हातात पाच हजार रुपये पडले आणि सहीसाठी इंग्रजी कागद पुढे आला. त्यात मुदत लिहिलेलीच नव्हती. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे अशा वेळी हक्काचे हस्तांतर पाच वर्षांपुरतेच धरले जाते. म्हणजे २०२० मध्येच गाण्यांचे हक्क पुन्हा गीतकाराकडे आले होते. हे त्यांना कळले गेल्या वर्षी, तेही एका शिक्षकाकडून. मधल्या काळात तीच गाणी मोबाइलवर वाजत राहिली आणि त्यांना एक पैसाही मिळाला नाही.

कायदा आमच्या बाजूने आहे, हे आम्ही ठामपणे सांगतो. कलम ६२ मुळे लेखक राहतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. मुंबई गाठावी लागत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांचे निधन १९६९ साली झाले, त्यामुळे त्यांच्या साहित्यावरील हक्क २०२९ च्या अखेरीपर्यंत आहे. तालुक्याच्या वकिलांना सातबारा आणि धनादेशाचे खटले तोंडपाठ आहेत. कॉपीराइटचा विषय मात्र त्यांच्याकडे येतच नाही, कारण आमच्याकडे फी द्यायला पैसे नसतात.

वेळेचा प्रश्न तर याहून बिकट आहे. इंटरनेटवर आपली कृती कोणी परस्पर टाकली, तर संबंधित सेवेकडे लेखी तक्रार करता येते. २०१३ च्या कॉपीराइट नियमांनुसार ३६ तासांत ती कृती रोखण्याची तरतूद आहे. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश हाती नसेल, तर ती पुन्हा खुली होऊ शकते. जतसारख्या तालुक्यातील शाहिराने २१ दिवसांत वकील शोधायचा कसा?

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी अशी की, प्राधिकरणाच्या पॅनेलवरील किमान दोन वकिलांना या कायद्याचे प्रशिक्षण द्यावे आणि आठवड्यातील एक दिवस सहीपूर्वी करार तपासण्यासाठी राखून ठेवावा. सही झाल्यावर मिळालेला सल्ला आम्हांला फार महाग पडतो. प्रयोगाची परवानगी, गाण्याचा परवाना आणि पुस्तक प्रकाशन यांचे नमुना करार सोप्या मराठीत तयार करून तालुका विधी सेवा समित्यांत ठेवावेत. आमचे बहुतेक तंटे तीन लाखांच्या आतले असतात. ते दाखलपूर्व लोकअदालतीत घ्यावेत. त्यावरच्या तंट्यांत दाव्याआधीची मध्यस्थी प्राधिकरणामार्फतच होते, तेव्हा मध्यस्थांनाही हा विषय माहीत असावा.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत सेवेचा हक्क आहे. आमच्या फडांतील बहुतेक कलावंत याच वर्गांत मोडतात. त्यांना हे फडावर जाऊन सांगावे लागेल. यात्रांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तालुकावार शिबिरे घ्यावीत, ही विनंती.

आपले विश्वासू,
सांगली जिल्ह्यातील लेखक व लोककलावंत