आधी निर्णय, मग नोंद

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरातील नातवंडे सध्या महाविद्यालयात ‘एमआयएस’ नावाचा विषय शिकत असतील. एमबीए, बीबीए, एमसीए यांसारख्या अभ्यासक्रमांत तो बहुधा असतोच. मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम्स हे त्याचे पूर्ण नाव. मराठीत व्यवस्थापन माहिती प्रणाली. नातवाने ते नाव सांगितले की ‘काहीतरी संगणकाचे दिसते’ एवढे समजून आपण मान डोलावतो. आरोग्याच्या पाक्षिकात या विषयाला आज सगळी जागा देण्याला मात्र कारण आहे. घरातील वृद्धाची काळजी घेणारी व्यक्ती रोज नोंदी ठेवते, त्यावरून निर्णय घेते आणि पुष्कळदा त्या नोंदींखालीच दबून जाते. असे का होते, याचा विचार या विषयाने फार पूर्वी करून ठेवला आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी संगणक घेतले ते मुख्यतः पगारपत्रके आणि बिले तयार करण्यासाठी. व्यवहारांच्या नोंदी साठत गेल्या, तेव्हा त्यांतूनच व्यवस्थापकाला निर्णयासाठी उपयोगी माहिती काढून देता येईल, हा विचार पुढे आला. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात या विषयाच्या स्वतंत्र शिक्षणाचा पाया घातला. १९७४ साली त्यांचे पाठ्यपुस्तक आले आणि १९७७ पासून त्याच विद्यापीठातून ‘एमआयएस क्वार्टर्ली’ हे संशोधनपत्र निघू लागले. म्हणजे वयाने हा विषय आपल्यापैकी अनेकांपेक्षा लहानच आहे.

विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो ‘डेटा’ आणि ‘माहिती’ यांतील भेदाचा. वहीत ‘१५२/८८’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती नुसती कच्ची नोंद आहे. हा रक्तदाब सकाळी गोळी घेण्यापूर्वीचा की नंतरचा? पाच मिनिटे शांत बसून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजलेला, की जिना चढून आल्याबरोबर? नुकताच चहा झाला होता का? हे सोबत असेल तर त्या आकड्याला अर्थ येतो, आणि गोळीची मात्रा वाढवावी की नाही या प्रश्नाशी तो जोडला गेला म्हणजे तो माहिती होतो.

या विषयातील सर्वांत जागे करणारे लेखन माझ्या मते त्याच्या बाल्यावस्थेतच, १९६७ साली झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील रसेल अकॉफ यांनी ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. शीर्षकातच त्यांनी ‘इन्फर्मेशन’ऐवजी ‘मिसइन्फर्मेशन’ हा शब्द घालून चिमटा काढला होता. अशा प्रणाली रचणारे लोक काही गोष्टी गृहीत धरतात आणि त्या बहुधा चुकीच्या असतात, असे त्यांचे म्हणणे. व्यवस्थापकाला माहिती कमी पडते, असे सगळे समजतात. प्रत्यक्षात तो निरुपयोगी माहितीच्या ढिगाखाली असतो. तो जी माहिती मागतो तीच त्याला लागणारी असते, हेही खरे नाही. निर्णय कसा घ्यायचा हे नीट उमगले नसेल, तर माणूस सुरक्षित वाटावे म्हणून ‘सगळेच द्या’ म्हणतो. आणि प्रणाली आतून कशी चालते हे व्यवस्थापकाला कळण्याची गरज नाही, ती वापरता आली की पुरे, या समजुतीवर त्यांचा मोठा आक्षेप होता. त्यांचा उपाय असा, की आधी कोणते निर्णय घ्यायचे आहेत ते पाहा, त्यांना काय लागते ते ठरवा, आणि मगच नोंदी गोळा करा.

आता हेच घरात पाहू. मुलगी पुण्यात, मुलगा परदेशात आणि आई-वडील साताऱ्याला, असे एक घर कल्पा. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दिवसातून चार वेळा रक्तदाब, बोटाला चिमटा लावून प्राणवायूची पातळी, साखर, झोपेचे तास, असे सगळे येते. श्वासाची काही तक्रार नसताना करोनाच्या काळातला तो चिमटा दिवसातून चारदा लावून कोणता निर्णय होणार आहे? आकडा एका अंकाने खाली आला की परदेशातून फोन येतो, वडील वैतागतात, आईची रात्र जाते. माहिती वाढली, काळजीही वाढली, आणि उपचारात तसूभर फरक पडला नाही.

याउलट हृदय अशक्त झालेल्या रुग्णाला डॉक्टर रोज सकाळी एकदा वजन करायला सांगतात, ती नोंद पाहा. लघवीनंतर, न्याहारीपूर्वी, त्याच काट्यावर, साधारण तशाच कपड्यांत. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोच्या आसपास वाढले तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचे. नेमका किती फरक झाला की कळवायचे, तो आकडा आपल्या डॉक्टरांकडून घ्यावा. रोज एक मिनिट, एकच आकडा, आणि त्याच्यामागे आधीच ठरवलेली कृती. वडिलांना उठताना चक्कर येत असेल, तर बसून आणि उभे राहिल्यावर मोजलेला रक्तदाब डॉक्टरांना महिनाभराच्या चार-चार आकड्यांपेक्षा अधिक सांगून जाईल.

तेव्हा पुढच्या तपासणीला जाल, त्या वेळी डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: ‘घरी आम्ही काय मोजायचे, किती वेळा, आणि किती झाले की आपल्याला फोन करायचा?’ ज्या नोंदीला शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही, ती थांबवता येईल का, हेही तेथेच विचारून घ्यावे. मनाने मात्र थांबवू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर साखरेच्या मोजणीत डॉक्टरांना न विचारता काहीच बदल करू नये.

या विषयाच्या विद्यार्थ्यांना एक भाग असतो विदासंचयाचा, म्हणजे डेटाबेसचा. एडगर कॉड या आयबीएममधील गणितज्ञाने १९७० साली त्याची जी मांडणी केली, तिच्यातून पुढे एक शिस्त आली: एक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदवावी. तीच गोष्ट तीन ठिकाणी लिहिली, तर कधीतरी एका जागी बदल होतो आणि दोन जागी राहून जातो. आपल्या घरात औषधांची यादी किती ठिकाणी असते? एक फ्रिजवर चिकटवलेली, एक फाइलमध्ये, एक मुलीच्या मोबाइलमध्ये छायाचित्र म्हणून. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी बदलली, ती फाइलमध्ये चढली. फ्रिजवर जुनीच राहिली. रात्रीची गोळी देणारी मदतनीस फ्रिजकडे पाहते.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे एकच औषध दोन नावांनी पोटात जाणे. गुडघ्यासाठी दिलेली गोळी आणि सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळी, दोन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असताना दुसऱ्या डॉक्टरांकडून, किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने, वेदनाशामक गोळी सुरू झाली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून यादीत कंपनीचे नाव लिहून थांबू नये. पट्टीवर छापलेले मूळ औषधाचे नाव व मात्रा लिहावी. दोन ओळींत तेच मूळ नाव दिसले, की तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. आयुर्वेदिक औषधे, डोळ्यांत घालायचे थेंब, झोपेसाठी अधूनमधून घेतली जाणारी गोळी, ही सगळी त्याच कागदावर हवीत. एकच कागद, त्यावर तारीख, आणि कागद बदलणारी व्यक्ती एकच. मोबाइलमध्ये हवे असेल तर त्याच कागदाचे ताजे छायाचित्र ठेवावे आणि जुने त्याच वेळी पुसावे.

२०२१पासून देशभर सुरू असलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो आणि तपासण्यांचे अहवाल संमतीने एकत्र जोडता येतात. सोय चांगली आहे, अवश्य घ्यावी. पण रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत बसताना हातात असलेल्या कागदाची जागा ती अजून घेत नाही.

अकॉफ यांचा शेवटचा आक्षेप मला या सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. घरातील या व्यवस्थेचा व्यवस्थापक कोण? आपण नकळत मुलीला किंवा सुनेला ते पद देतो, आणि ज्यांचे शरीर, ज्यांचे आयुष्य, ते आजोबा केवळ आकडे पुरवणारे होऊन बसतात. दंडाला पट्टा गुंडाळला जातो, आकडा फोनमध्ये जातो, त्यांना कोणी सांगतही नाही. ज्येष्ठ वाचकहो, आपला आकडा आपण विचारा. ती यादी मोठ्या अक्षरांत लिहून मागा, कोणती गोळी कशासाठी आहे हे एकदा समजून घ्या, आणि कोणती माहिती कुटुंबाच्या गटावर जावी व कोणती जाऊ नये, हे आपणच ठरवा. लघवीवर ताबा राहत नाही ही गोष्ट डॉक्टरांना कळणे आवश्यक आहे. चौदा नातेवाइकांना नाही. स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना हे शक्य नाही, त्यांच्या वतीने काळजीवाहकाने हीच मर्यादा पाळावी.

नातवंडांनाही यात ओढता येईल. या अभ्यासक्रमांत शेवटी एक प्रकल्प करावा लागतो आणि कितीतरी विद्यार्थी वर्षानुवर्षे तीच ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम’ करून देतात. त्यांच्या पाठ्यपुस्तकात प्रणालीच्या विश्लेषणाची पहिली पायरी वापरणाऱ्याशी बोलणे ही सांगितलेली असते. सुट्टीत घरी आलेल्या नातीला औषधांचा डबा, फाइल आणि फ्रिजवरचा कागद घेऊन समोर बसवावे, प्रत्येक पट्टीवरचे मूळ नाव मोठ्याने वाचायला लावावे आणि नवी यादी तिच्याकडूनच लिहून घ्यावी. यादीच्या खाली डॉक्टरांचा दूरध्वनी, रक्तगट, ज्या औषधांनी पूर्वी त्रास झाला त्यांची नावे आणि मागील शस्त्रक्रियांची वर्षे यावीत. एवढे सारे कागदाच्या एका बाजूवर बसते. मागची बाजू कोरीच ठेवावी. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तेथे लिहिता येतात.