आधी जून सांभाळा

वर्षभर एक गोष्ट मनाला टोचत राहिली आहे. ती सांगून मगच हा दिवाळी अंक तुमच्या हाती द्यावा असे वाटते. गावोगावच्या शाळांत माजी विद्यार्थ्यांचे स्नेहमेळावे होतात. पंचवीस-तीस वर्षांनी एका वर्गातली माणसे भेटतात, गुरुजनांच्या पायांवर डोके ठेवतात, डोळे पुसतात आणि निघताना शाळेला काहीतरी देतात. हे देणे मनापासूनचे असते, याबद्दल आम्हांला तिळमात्र शंका नाही. तक्रार आहे ती काय दिले जाते याबद्दल. प्रवेशद्वाराची कमान, रंगमंच, सरस्वतीची मूर्ती, पंखे, बाक, पाण्याची टाकी. आणि प्रत्येक वस्तूवर रंगवलेले बॅचचे साल. त्याच शाळेतून दहावी पास झालेली काही मुले मात्र अकरावीला नाव न घालता ऊसतोडीला, बांधकामावर, हॉटेलच्या मोरीवर कामाला लागतात. मुलगी असेल तर तिचे लग्न ठरते. त्यांच्यासाठी त्या देणगीत एक रुपयाही नसतो.

मदत नेमकी याच वयाला का हवी? कारण आपण मुलाचा हात नेमका याच वयात सोडतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाची हमी देतो. ही हमी आठवीला संपते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत, मोफत पाठ्यपुस्तकेही आठवीपर्यंत. नववीत पुस्तके विकत घ्यावी लागतात. दहावीनंतर तर पुष्कळ गावांत शाळाच संपते. कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याला असते आणि चांगल्या प्रयोगशाळेसह विज्ञान शाखा हवी असेल तर कधी जिल्ह्याला. म्हणजे मूल जसे मोठे होते, तसा त्याच्या शिक्षणाचा खर्च वाढतो आणि आधार कमी होत जातो.

२०२५ साली दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर एका पद्धतीने झाले, फेऱ्या लांबल्या, आणि शेवटी लाखो जागा रिकाम्या राहिल्या. पास झालेली मुले आहेत, बसायला जागाही आहेत. अडते ते या दोहोंच्या मधल्या खर्चापाशी. मुलाचा एसटीचा पास सवलतीत मिळाला तरी त्याचे पैसे दर महिन्याला रोख मोजावे लागतात. मुक्कामी राहायचे तर कॉट बेसिसवरची खोली आणि खानावळ आली. प्रॅक्टिकलची जर्नल, बोर्डाचे परीक्षा शुल्क, पुढे सीईटीच्या अर्जाचे शुल्क, जात पडताळणीसाठी जिल्ह्याच्या गावी हेलपाटे आणि त्या दिवशी बुडणारी वडिलांची मजुरी. यातली एकेक रक्कम लहान वाटते. मजुरीवर चालणाऱ्या घरात या सगळ्या एकामागून एक येतात आणि मुलाचे नाव गळते.

सरकारच्या योजना आहेत आणि त्यांचे मोल आम्ही कमी मानत नाही. आठवीत परीक्षा देऊन मिळणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये देते. पण ज्याला ही परीक्षा असते हे आठवीत कोणी सांगितलेच नाही, त्याला ती नंतर देता येत नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास मोफत आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क २०२४ साली पूर्ण माफ झाले, ही तर मोठी गोष्ट आहे. मात्र इंजिनिअरिंगच्या त्या मोफत वर्गात पोचायला मुलीला आधी अकरावी-बारावीची दोन वर्षे टिकावे लागते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला, आधार बँकेशी जोडले, पडताळणी झाली, तरी पैसे खात्यात यायला कधी कधी वर्ष उलटते. खानावळवाला वर्षभर थांबत नाही.

हे काम सरकारचेच आहे, असे काही वाचक म्हणतील. आमचेही तेच मत आहे, आणि कायद्याची हमी बारावीपर्यंत वाढवावी ही मागणी आम्ही करत राहू. पण कायदा बदलेपर्यंत जे मूल सोळा वर्षांचे आहे, ते सोळाचे राहणार नाही. तोवर त्याच्या मागे कोणी उभे राहायचे? शाळेचा आणि त्याच्या घराचा रस्ता ज्याला माहीत आहे, त्याच बाकावर बसून जो आज कमावता झाला आहे, त्यानेच.

महाराष्ट्राला हे नवे नाही. मुरूडचे धोंडो केशव कर्वे सरकारी परीक्षेसाठी कोकणातून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पुढे मुंबईत स्थिरावू लागल्यावर त्यांनी गावच्या हितासाठी ‘मुरूड फंड’ काढला. भीमराव आंबेडकरांचे कॉलेजचे शिक्षण पैशांअभावी अडण्याची वेळ आली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. ती शिकत राहण्याच्या खर्चासाठी होती आणि दर महिन्याला मिळत होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी सहायक समिती उभी राहिली. खेड्यातून आलेल्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय हे तिचे मुख्य काम. तिथे राहून शिकलेले अनेक जण पुढे तिचे देणगीदार आणि कार्यकर्ते झाले. २०२५च्या मे महिन्यात आपल्याला सोडून गेलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर जे. एन. टाटा एन्डोमेंटची शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला गेले होते. १८९२ साली सुरू झालेला हा निधी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. आधीच्याने फेडायचे आणि त्यावर पुढच्याने शिकायचे, ही त्याची रीत.

आता शाळांच्या दप्तरात पाहा. जुन्या शाळांत कोणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेल्या लहान लहान ठेवी असतात. ज्या काळी त्या ठेवल्या, त्या काळी त्यांच्या व्याजात मुलाची वर्षाची पुस्तके येत असतील. आज त्या व्याजात एक वहीही येत नाही. तरी दरवर्षी बक्षीस समारंभात ते नाव वाचले जाते. नवी कमान बांधण्यापेक्षा या ठेवींत भर घालणे हे माजी विद्यार्थ्यांचे पहिले काम आहे. ज्याने ती ठेवली, त्याचा हेतूही त्याने पुरा होईल.

हिशेब अवघड नाही. समजा, साठ जणांच्या एका बॅचने दरमहा ५०० रुपये बाजूला काढले. महिन्याला ३०,००० झाले, वर्षाला ३,६०,०००. एका मुलाला महिना १,५०० रुपये धरले तर वीस मुलांचे वर्ष निभावते. गावाकडच्या एका शाळेतून गळणारी बहुतेक मुले एवढ्यात थांबवता येतील.

पण कसे द्यायचे, याबाबत आमचे काही आग्रह आहेत. पहिला आग्रह वेळेचा. स्नेहमेळावे दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत होतात, आणि मुलाचे नाव गळते जून-जुलैमध्ये. पाण्याची पाळी चुकल्यावर धरण भरून वाहिले तरी वाळलेला ऊस हिरवा होत नाही. पैसे मे अखेर शाळेकडे तयार हवेत. दुसरा आग्रह मुदतीचा. मदत सलग दोन वर्षांची हवी. अकरावीला दिली आणि बारावीला विसरली, तर मूल अर्ध्या वाटेवर उभे राहते. तिसरा आग्रह गुणांचा. नव्वद टक्केवाल्यांच्या गळ्यात हार घालायला गावात दहा मंडळे आहेत. पंचावन्न टक्के मिळवून, सकाळी दूध घालून, वर्गात नियमित बसणाऱ्या मुलाला कोणी विचारत नाही. त्याच्याकडून हजेरीची अट पाळून घ्यावी, गुणांची घालू नये. गरज कोणाला आहे हे वर्गशिक्षकांना ठाऊक असते. त्यांच्यासोबत एक माजी विद्यार्थी आणि गावातली एक जाणती बाई बसली की निवड नीट होते.

चौथा आग्रह सर्वांत महत्त्वाचा. त्या मुलाला व्यासपीठावर बोलावू नका. ‘गरजू विद्यार्थ्यांना मदत’ अशा फ्लेक्सखाली उभे करून त्याचा फोटो काढू नका. सोळा-सतराव्या वर्षी मान खाली घालून घेतलेला पैसा माणूस जन्मभर विसरत नाही, आणि तो दुखरी आठवण म्हणूनच राहतो. रक्कम मुलाच्या किंवा त्याच्या आईच्या खात्यात थेट जावी. कोणी दिली हे शाळेने स्वतःपाशीच ठेवावे. मूल कमावते झाल्यावर त्याला फंडाची माहिती द्यावी. पुढे काय करायचे ते त्याच्यावर सोडावे.

    या अडचणीत २०२५च्या सप्टेंबरात पुराची भर पडली. सीना आणि तिच्यासारख्या अनेक नद्यांनी सोलापूर, धाराशिव, बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांत शेतच्या शेत खरवडून नेले. घरांत पाणी शिरले तेव्हा धान्याबरोबर वह्या-पुस्तकेही गेली. शासनाने जाहीर केलेल्या सवलतींत परीक्षा शुल्काची माफी होती, ती योग्यच होती. पण शुल्क माफ झाल्याने भिजलेले पुस्तक परत मिळत नाही आणि खानावळही सुरू राहत नाही. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत असते. अशा मुलांच्या बाबतीत जूनची वाट पाहायलाही वेळ नसतो.

आमच्या या अंकाचा विषय ‘ऋण’ आहे. शेतकऱ्याच्या कर्जापासून लेखकावरच्या पूर्वसूरींच्या ऋणापर्यंत अनेक अंगांनी लेखकांनी तो मांडला आहे. या यादीत शाळेचे ऋण संपादकांनी स्वतःकडे ठेवले, कारण ते फेडण्याची सोय प्रत्येक वाचकाच्या हातात आहे.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारा: यंदा दहावी पास झालेल्यांपैकी कोण अकरावीला गेले नाही, आणि का? नावे लिहून घ्या. मग आपल्या बॅचच्या गटावर मदतीची रक्कम ठरवा, नावे टाकू नका. कमान पुढच्या वर्षी बांधता येईल. पूरग्रस्त भागातल्या शाळांसाठी आजच पैसे पाठवा, बाकीच्यांसाठी मे संपायच्या आत.