आधी वर्ग अंधारा करा

रात्री हर्सूल टी-पॉइंटवरून जटवाड्याकडे निघालं की हेडलाइटमध्ये एखाद्या मांजराचे डोळे लखकन चमकतात. ‘न्यायसूत्रे’ या प्राचीन तर्कग्रंथाने हाच पुरावा मानला होता: निशाचरांच्या डोळ्यांतले किरण दिसतात, म्हणजे माणसाच्याही डोळ्यांतून किरण निघून वस्तूला भिडत असणार. तिकडे युक्लिडही डोळ्यातून किरण निघतात असंच मानत होता. हेडलाइट बंद करा, चमक जाते. डोळ्याच्या मागचा पडदा आपलाच उजेड परत फेकत असतो.

किरण डोळ्यातून बाहेर जातात की बाहेरून आत येतात, हा वाद धसास लावला तो 965 च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथमने. झगझगीत उजेडाकडे पाहिलं की डोळा दुखतो, म्हणजे काहीतरी बाहेरून आत येतं, असं त्याने ‘किताब अल-मनाझिर’मध्ये मांडलं. अंधाऱ्या खोलीच्या भोकासमोर बाहेर ओळीने दिवे ठेवले. आत प्रत्येकाचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका गेला. क्षितिजावरचा चंद्र मोठा दिसतो, त्यात मनाच्या अंदाजाचा वाटा आहे, हेही त्याने सांगितलं. जाणीव भिंगातच होते असं मात्र त्याला वाटलं. प्रतिमा दृष्टिपटलावर उमटते हे केप्लरने 1604 मध्ये मांडलं.

मी इथे हर्सूलमध्ये विज्ञान शिकवतो, आणि मला मनापासून वाईट वाटतं ते मुलांच्या प्रयोगवह्यांचं. डोळ्याची आकृती सुबक, नावं बरोबर, निरीक्षणं मात्र गाइडमधून उतरवलेली. आणि ती आपणच चालवून घेतो. अंधाऱ्या खोलीच्या या प्रयोगाला तर अनुदानही लागत नाही. खिडक्यांना काळा कागद लावा, त्याला पेन्सिलीएवढं भोक पाडा. दुपारच्या उन्हात समोरच्या भिंतीवर बाहेरचा कडुनिंब उलटा उतरतो, रस्त्यावरची रिक्षा चाकं वर करून जाते. मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे येतात.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, भाषणं कमी करून प्रत्येक शाळेने एवढं करावं. मग ऊन उतरलं की भोकाबाहेर तीन पणत्या ठेवाव्यात. कोणता ठिपका जाणार ते शिक्षकाने आधी सांगू नये. डावीकडची पणती झाकली की उजवीकडचा ठिपका जातो, आणि असं का, यावर मुलं तावातावाने भांडतात. तास त्यातच संपला तरी चालेल. पोर्शन दुसऱ्या दिवशी पुढे नेता येतो.