घरच्या आठवणींसाठी कॅमेरा



ढाणकीतल्या घरांतून हल्ली विचारणा होते : विहारातली वंदना, लग्नाचा मांडव टिपायला लहान फुल-फ्रेम कॅमेरा कोणता घ्यावा?

फुल-फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्या रोलवरील फोटोएवढा असतो. म्हणून मंद उजेडातही चित्र स्वच्छ येते. पॅनासॉनिकचा एस-९ (२०२४) वजनाला ४८६ ग्रॅम; पण त्याला डोळा लावून पाहायची सोय नाही, फ्लॅशही चालत नाही. सोनीचा ए-७ सी-२ (२०२३) ५१४ ग्रॅमचा. त्यात डोळा लावून पाहता येते, वरून फ्लॅशही जोडता येतो. मांडवातल्या कामाला आम्ही हाच सुचवू. लेन्सचा खर्च मात्र वेगळा धरावा आणि त्यासाठी कर्ज काढू नये. चार घरांनी मिळून घेतला तर उत्तम.

बाबासाहेबांची अंत्ययात्रा १९५६ साली नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रित केली, म्हणून ती आज आपल्याला पाहता येते. त्याच वर्षीची दीक्षा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. आपल्या घरात असे कोणी असेल, तर कॅमेऱ्याची वाट पाहू नका. हातातल्या मोबाइलवर त्यांची हकिकत आजच टिपून घ्या.