गोदेची वाळू आणि सागराची मर्यादा

दिवाळीच्या सुटींत माझी नात भूगोलाचें पुस्तक घेऊन जवळ बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, समुद्रकिनाऱ्याचें रक्षण हा धडा परभणीच्या मुलांना कशाला? आपला आणि समुद्राचा संबंध काय?" प्रश्न रास्त होता, पण उत्तर देतांना मला आमच्याच घराची माडी आठवली आणि मी क्षणभर थबकलों.

संस्कृतांत किनाऱ्यास 'वेला' म्हणतात, आणि वेला म्हणजे मर्यादाही. ही मर्यादा पुष्कळ ठिकाणीं गाळाची व वाळूची असते. लाटा ती नित्य झिजवितात आणि नद्या ती झीज भरून काढतात. आपली गोदामाई त्र्यंबकेश्वरीं उगम पावते, गंगाखेडचा घाट धुऊन पुढें जाते आणि सुमारें १४६५ किलोमीटर चालून आंध्रांत सागरास मिळते. तिच्या मुखाकडील भाताचीं खाचरें आणि कोरिंग्याचें खारफुटीचें वन तिनेंच वाहून नेलेल्या मातीवर उभीं आहेत.

पूर्णेवर येलदरीचें धरण झालें. १९७६ सालीं पैठणचें जायकवाडी पुरें झालें. पुढें ढालेगांव, मुदगल येथें बंधारे आले. या पाण्यानें मराठवाडा जगला, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु धरण पाण्याबरोबर गाळही अडवितें. उगमापासून मुखापर्यंत अशीं धरणें वाढलीं, तसें गेल्या अर्धशतकांत समुद्रापर्यंत पोहोंचणाऱ्या गाळाचें प्रमाण पुष्कळ घटलें आणि त्या किनाऱ्यावर कित्येक ठिकाणीं सागर जमीन खाऊं लागला.

१९८१ सालीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरांची पट्टी मोकळी राखण्यास सांगितलें. १९९१ सालीं किनारपट्टीच्या नियमनाची अधिसूचना निघाली. हें उचितच झालें; पण ५०० मीटरांची रेषा शेंकडों कोसांवरील वाळू कशी राखणार? पहिल्याच पंक्तीनें पातेलें रिकामें केलें, तर शेवटच्या पंक्तीस वाढावयाचें काय? म्हणून किनाऱ्याचें नियोजन नदीच्या उगमापासून व्हावयास हवें. धरणांतून कांहीं गाळ पुढें जाण्याची सोय असावी, मुखावरील खारफुटी तोडूं नये आणि नदी जेवढी वाळू आणते तेवढ्याच्या आंतच आपण उपसावी.

यांतील शेवटची गोष्ट आपल्या हातची आहे. आमच्या बाळपणीं वैशाखांतही पात्रांत हातभर झिरा उकरला कीं गोड पाणी लागे, कारण वाळू पाणी धरून ठेवी. आज त्याच पात्रांत जागोजाग खड्डे पडले आहेत. म्हणजे सागराचें नुकसान होण्यापूर्वीं आपलेंच झालें.

आतां माडीची गोष्ट. बांधकामाची वाळू रात्रीं उशिरां आली. मीं भाव विचारला. पावती विचारली नाहीं. हें नातीस सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, "मग तुम्हीं कां नाहीं विचारलीत?" चाळीस वर्षें मुलांना प्रश्न विचारणाऱ्या मास्तराजवळ यास उत्तर नव्हतें.

यापुढें घरांत काम निघेल तेव्हां दगड भरडून केलेली वाळू घ्यावयाची, आणि नदीची लागलीच तर पावतीवांचून घ्यावयाची नाहीं, असें आम्हीं सर्वांनीं मिळून ठरविलें आहे. ज्या घरीं बांधकाम चालूं असेल, तेथील कर्त्या माणसानें एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.