विदूषकाची मुभा

आपल्या घरातून रशिया दिसतो असे अलास्काच्या गव्हर्नर सेरा पेलिन म्हणाल्या होत्या, हे अमेरिकेतील कितीतरी सुशिक्षित माणसे आजही शपथेवर सांगावयास तयार होतील. आणि तरीही ते वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालेले नाही. उपाध्यक्षपदाच्या उमेदवार असताना २००८ च्या सप्टेंबरात दिलेल्या एका मुलाखतीत, अलास्कातील एका बेटावरून रशियाची भूमी प्रत्यक्ष दिसते एवढेच त्या म्हणाल्या होत्या, आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीचा नकाशा ज्याने पाहिला आहे त्याला ते अमान्य करता येणार नाही. पण त्या मुलाखतीनंतर दोनच दिवसांनी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात टीना फे या अभिनेत्रीने पेलिनबाईंची नक्कल करताना ‘घर’ हा शब्द घातला, प्रेक्षागृह हास्याने दणाणले, आणि नटीचे वाक्य मूळ व्यक्तीच्या नावे इतिहासाच्या दप्तरात कायमचे जमा झाले.

ही नटी निदान उघड उघड सोंग आणून रंगमंचावर उभी होती. आपल्या तमाशातील सोंगाड्या राजाला वाटेल ते बोलतो आणि कोणी ते मनावर घेत नाही, कारण त्याचा वेष आणि त्याची चाल हीच त्याची सनद असते. अमेरिकेत रात्री साडेअकराच्या सुमारास अवतरणाऱ्या विनोदकाराने मात्र गळ्यात टाय बांधलेला असतो, त्याच्यापुढे वृत्तनिवेदकाचे असते तसेच मेज असते, पडद्याच्या कोपऱ्यात त्या दिवसाच्या बातमीचे चित्र झळकत असते, आणि पुढाऱ्याच्या भाषणाचा हवा तेवढाच तुकडा कापून तो पुराव्यादाखल सादर केला जातो. मुभा विदूषकाची आणि वजन वृत्तनिवेदकाचे, अशी दुहेरी मिळकत या मंडळींनी गेल्या पंचवीस वर्षांत साधली आहे. माझी तक्रार आहे ती एवढ्याच गोष्टीविषयी.

पक्षपाताची तक्रार मला तितकीशी महत्त्वाची वाटत नाही. १९६२ पासून तीस वर्षे ‘टुनाइट शो’ चालविणाऱ्या जॉनी कार्सन यांनी आपला कल कोणत्या पक्षाकडे आहे याचा थांग प्रेक्षकांना लागू दिला नाही, हे खरे. पण मोजक्याच वाहिन्या असलेल्या त्या काळात दोन्ही पक्षांचे लोक एकाच पडद्यापुढे बसत, आणि अर्ध्या गिऱ्हाइकाला दुखविणे परवडणारे नव्हते, हेही त्या निःपक्षपातीपणाचे एक कारण होतेच. पुढे वाहिन्या वाढल्या, प्रेक्षक वाटले गेले, आणि स्टीफन कोल्बेर, जिमी किमेल, सेथ मायर्स यांची लेखणी बहुतांशी रिपब्लिकनांवर चालू लागली, तर २०२१ पासून फॉक्स न्यूजवर ग्रेग गटफेल्ड रोज डेमोक्रॅटांची रेवडी उडवू लागले. उपहास करणाऱ्याने तराजू हातात घेऊन दोहों बाजूंना समान टोले द्यावेत, ही अपेक्षा मुळातच अरसिक आहे. एका बाजूला उभे राहून मारलेला टोला न्याय्य असू शकतो, मात्र तो ज्या तपशिलावर उभा आहे तो तपशील खरा असला पाहिजे.

आणि नेमकी ही रुजुवात मागितली की हे विनोदकार मेजामागून उठून रंगमंचावर जाऊन उभे राहतात. ‘द डेली शो’चे यजमान जॉन स्ट्युअर्ट २००४ च्या ऑक्टोबरात सीएनएनच्या ‘क्रॉसफायर’मध्ये गेले आणि तेथील यजमानांच्या वादंगी पत्रकारितेचे त्यांनी जाहीर वाभाडे काढले, परंतु अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांना तुम्ही स्वतः इतके मवाळ प्रश्न कसे विचारले, असा उलट सवाल येताच, माझ्या कार्यक्रमाआधी बाहुल्या फोनवरून थट्टामस्करी करतात, माझ्याकडून कसली अपेक्षा करता, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. उत्तर चतुर होते, पण त्याच वर्षीच्या प्यू संस्थेच्या पाहणीत तिशीच्या आतील २१ टक्के अमेरिकनांनी निवडणुकीची माहिती आपण नेहमी विनोदी कार्यक्रमांतून घेतो असे सांगितले होते, आणि त्या श्रोत्यांना बाहुल्यांची सबब पुरेशी नव्हती. सात वर्षांनी फॉक्सचे प्रेक्षक प्रत्येक पाहणीत सर्वाधिक चुकीची माहिती असलेले आढळतात, असे विधान याच स्ट्युअर्टनी केले, तथ्ये तपासणाऱ्या ‘पॉलिटिफॅक्ट’ने ते खोटे ठरविले, आणि त्यांनी आपल्या कार्यक्रमात क्षमा मागितली, मात्र त्याच श्वासात फॉक्सच्या चुकांची लांबलचक यादी अशा झपाट्याने वाचून दाखविली की, क्षमेपेक्षा यादीच लोकांच्या ध्यानात राहिली. तरीही चूक पदरात घेतली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

शहानिशा आणि हशा एकत्र नांदू शकत नाहीत, ही समजूतही खोटी आहे. विनोदकार जॉन ऑलिव्हर यांचा कल कोणापासून लपलेला नाही. पण त्यांच्याकडे माहिती तपासणारे लोक आहेत, आणि २०१७ मध्ये कोळसा-उद्योगपती रॉबर्ट मरी यांच्यावर कार्यक्रम करताना त्यांनी प्रसारणापूर्वीच कंपनीकडे विचारणा केली होती. मरींनी बदनामीची फिर्याद गुदरली, आणि पुढील वर्षी वेस्ट व्हर्जिनियातील न्यायालयाने ती काढून टाकली.

किमेल यांचे प्रकरण याहून कठीण आहे. ट्रम्प-समर्थक कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर, १५ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, हत्येचा आरोप असलेला तरुण आपल्यातला नव्हे असे दाखविण्याची ट्रम्प-समर्थकांची केविलवाणी धडपड चालू आहे, अशा आशयाचे वाक्य ते बोलले. तो तरुण त्यांच्यातलाच होता असे त्या वाक्यात कोठेही उघड म्हटलेले नव्हते, पण ते गृहीत धरल्याशिवाय त्याला अर्थच उरत नव्हता; आणि त्या तरुणाचा कल डावीकडे असल्याचे युटाच्या गव्हर्नरांनी आदल्याच दिवशी सांगितले होते, तर दुसऱ्या दिवशी दाखल झालेल्या आरोपपत्रात आईच्या जबानीने त्याला दुजोराच मिळाला. असत्य सांगण्यापेक्षा सुचविणे सोपे, कारण सुचविलेल्याची जबाबदारी कोणाच्याच अंगावर येत नाही.

यापुढे जे घडले ते मात्र चुकीपेक्षा कितीतरी अधिक गंभीर होते. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी प्रसारणाच्या परवान्यांकडे बोट दाखवून धमकीवजा भाषा वापरली. टेग्ना ही कंपनी विकत घेण्यासाठी ज्या नेक्स्टारला याच कमिशनची मंजुरी हवी होती तिने किमेल यांचा कार्यक्रम आपल्या दूरचित्रवाणी केंद्रांवरून काढला, अशीच केंद्रे असलेल्या सिंक्लेअरने तीच वाट धरली, आणि किमेल यांच्या एबीसी वाहिनीने तो तहकूब केला. हुकूमतीने विनोदाचा इन्साफ करावयास घेतला की, विनोद खरा होता की खोटा हा प्रश्नच मागे पडतो आणि उरतो तो केवळ स्वातंत्र्याचा प्रश्न. कार यांच्या उतावळेपणाने किमेल यांना एका सदोष वाक्याबद्दल हौतात्म्य बहाल केले. आपला हेतू कोणत्याही गटाला दोष देण्याचा नव्हता, असे २३ सप्टेंबरला परतल्यावर किमेल गहिवरून म्हणाले. हेतूविषयी ते बोलले. ते वाक्य वस्तुस्थितीला धरून नव्हते एवढे स्पष्ट सांगावयास आणखी एखादा क्षण पुरला असता, आणि अनेक केंद्रांवर कार्यक्रम बंद असूनही त्या रात्री सुमारे ६२ लाख लोक तो पाहत होते.