कसब रक्तात नसते

पावसाळ्यात बेळगावजवळच्या वडगावच्या शिवारात भात वाढीला लागला की पाण्याकाठच्या बाभळींवर सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. ते पाहून जाणती माणसेही म्हणून जातात, ‘पाखराला कुणी शिकवावं लागत नाही, त्याच्या रक्तातच असतं ते.’ वडगाव, खासबाग, शहापूर या विणकरांच्या वस्त्यांबद्दलही हेच बोलले जाते: विणकराच्या पोराला माग काय शिकवायचा? सूर कौतुकाचा असतो, पण शिकण्याचे कष्ट त्यात पुसले जातात. म्हणून या समजाचे खंडन आवश्यक आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. सुगरण पिढ्यान्‌पिढ्या एकाच घाटाचा खोपा विणते. नमुना ठरलेला असेल तर शिकण्याला वाव कुठला? आणि मादी पारख करून नर निवडते, हे तर माणसाने पाखरावर लादलेले मनोराज्य. हा आक्षेप क्षुल्लक नाही. माद्या नरांच्या सौंदर्याची पारख करतात असे डार्विनने १८७१ मध्ये मांडले, पण नैसर्गिक निवडीचा सिद्धांत स्वतंत्रपणे शोधणाऱ्या वॉलेसनेच ते नाकारले.

पहिले उत्तर आपल्याच किनाऱ्यावर मिळते. अलिबागजवळच्या किहीमला १९३० मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी सुगरणींच्या वसाहतीवर दिवसेंदिवस नजर ठेवली. अर्धवट राहिलेले खोपे नराच्या विश्रांतीसाठी असतात, असा तोवरचा एक समज होता. अलींना वेगळेच दिसले. खोपा विणतो तो नर. तो अर्ध्यावर आला, शिरस्त्राणासारखा झाला, की माद्या येऊन आत शिरून पाहतात. एखादीने तो पत्करला तरच नर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पुरी करतो, आणि मग दुसरा खोपा हाती घेतो. पसंत न पडलेला खोपा तसाच लोंबत राहतो. बहिणाबाई चौधरींच्या कवितेने घराघरांत पोचवलेली, पिलांसाठी खोपा विणणारी आई आपल्या मनात पक्की बसली आहे. त्या कवितेचे मोल तिळमात्र कमी होत नाही. पण प्रत्यक्षात विणणारा नर आणि पारखणारी मादी, ही कामाची वाटणी मान्य करायला हवी.

आता ‘शिकण्याचा’ प्रश्न. भाताची पाती, रानगवत आणि माडा-शिंदीच्या झावळ्या चिरून काढलेल्या २० ते ६० सेंटीमीटरच्या पट्ट्या, त्यांच्यासाठी शेकडो फेऱ्या आणि सुमारे अठरा दिवसांचे काम, एवढे एका खोप्यामागे असते. विणण्याची ओढ उपजत आहे, हे कबूल. पण ओढ म्हणजे कसब नव्हे. निकोलस आणि एल्सी कोलियास या संशोधक दांपत्याने सुगरणीच्या आफ्रिकेतल्या भाईबंदांवर प्रयोग केले. कोवळ्या नरांना हिरवी पाती मिळू दिली नाहीत, तर पुढे त्यांना धड विणता येईना. सरावाची संधी गेली की कसबही लंगडे पडते. मागावरही तसेच आहे. धोट्याची ओढ आणि फणीचा ठोका बरोबर जमायला वर्षे जातात. ज्या घरात माग थांबला, त्या घरातल्या पुढच्या पिढीच्या रक्तातून तो आपोआप परत येत नाही.

आक्षेपक येथे एक खरा मुद्दा काढतील. पक्षी-अभ्यासक सुहेल कादर यांच्या २००६ मधील अभ्यासात असे दिसले, की सुगरणीची मादी विणीपेक्षा खोप्याच्या जागेला, म्हणजे उंच, काटेरी झाडाला आणि भक्कम फांदीला, अधिक महत्त्व देते. मग सौंदर्याची पारख कुठे राहिली? सुगरणीपुरता हा मुद्दा मला मान्य आहे. तिला त्या खोप्यात अंडी घालायची असतात. तिने सुरक्षितता पाहिली तर तीही पारखच.

पण जिथे रचनेचा निवाऱ्याशी संबंधच नाही, तिथे काय? न्यू गिनीच्या पश्चिम टोकाला आर्फाक डोंगरांत, हजार ते दोन हजार मीटर उंचीवरच्या रानात, व्होगेलकोप बॉवरबर्ड राहतो. मातकट तपकिरी, अगदी साधा पक्षी. त्याचा नर काटक्यांची मीटरभर उंच झोपडी उभारतो, तिच्या दारात शेवाळाचे अंगण करतो आणि त्यावर फुले, फळे, भुंग्यांचे चकचकीत पंख, बुरशीच्या छत्र्या रंगांप्रमाणे वेगवेगळ्या ढिगांत मांडतो. तेथे अंडी कधीच घातली जात नाहीत. मादी दुसरीकडे स्वतःचे साधे घरटे बांधते आणि पिले एकटीच वाढवते. म्हणजे ही सारी मांडणी केवळ तिच्या नजरेसाठी असते.

ठरलेल्या नमुन्याचा दावाही येथेच कोसळतो. शास्त्रज्ञ जेरेड डायमंड यांनी १९८६ मध्ये दाखवले, की डोंगर बदलला की रचना बदलते: आर्फाककडे रंगीत सजावटीची झोपडी, तर कुमावा डोंगरात छपराविना खांब आणि मळकट रंगांची सजावट. त्यांनी ठेवलेल्या रंगीत चकत्यांतून पाखरांनी आपल्या पसंतीचे रंग उचलले. मादीची पारख नाकारणारा वॉलेस १८५८ मध्ये याच आर्फाकच्या पायथ्याशी, डोरेला राहिला होता; वरच्या रानात तो पोचू शकला नाही. १८७० च्या दशकात इटालियन निसर्गअभ्यासक बेक्कारीने या पक्ष्याची सजवलेली अंगणे पाहून जगाला सांगितली.

तेव्हा मंडन असे: कसब तीन गोष्टींवर उभे राहते. हाताशी मुबलक कच्चा माल, सरावाला पुरेसा काळ आणि नीट पारखणारी नजर. यातली एक जरी गेली, तरी उपजत ओढ एकटी काही करू शकत नाही.

म्हणूनच ‘शिवार गेले तर पाखरे दुसरीकडे जातील’ हे उत्तर मला पटत नाही. हलगा-मच्छे बायपाससाठी याच पट्ट्यातली सुपीक जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे झगडत आले. त्या झगड्यात भाताइतकाच खोप्यांचाही प्रश्न आहे. हिरवे पाते आणि पाण्यावर झुकलेले झाड जिथे नाही, तिथे सुगरण विणणार कशाने आणि कशावर? यंत्रमागाच्या स्पर्धेत तगून असलेल्या हातमाग विणकरालाही ‘तुमच्या रक्तातच आहे’ ही शाबासकी पुरत नाही. त्याला सूत परवडले पाहिजे, शिकणाऱ्या पोराला मजुरी मिळाली पाहिजे आणि हातमागाची वीण ओळखून रास्त दाम मोजणारे गिऱ्हाईक हवे. कसब रक्तात असते असे म्हणणाऱ्यावर ते जपण्याची जबाबदारी येत नाही. ते कमवावे लागते हे मान्य केले, की ती आपल्या सगळ्यांवर येते.